खाडीकाठच्या खोलगट रस्त्यावर राहायला आलात? पाणी भरायच्या आधी करायची तयारी

दर एप्रिल-मे महिन्यात कोणी ना कोणी विचारतंच, की चिपळुणात बदली झालीय, नदीकडच्या रस्त्यावर जागा मिळतेय, भाडं कमी आहे, पण तिथे पाणी भरतं म्हणतात ते खरं का, घेऊ का नको. पाणी भरतं हे खरं आहे. तरी आमच्यासारखी शेकडो कुटुंबं पेठमाप, मुरादपूर, गोवळकोट रोड, बाजारपेठ, वडनाका या पट्ट्यात राहतात, धंदा करतात, त्यामुळे "घेऊच नका" असं मी कोणाला सांगत नाही. फक्त तयारी न करता राहू नका. मी स्वतः २०१२ ला बाहेरून इथे आलो, २००५ चं पाणी बघितलेलं नव्हतं, आणि २०२१ ला त्याची किंमत मोजली. तेव्हा आम्हाला जे कोणी सांगितलं नाही ते इथे क्रमाने लिहितोय. चिपळूणचं आहे, पण राजापूर, खेड, महाड, किंवा भरतीच्या नदीकाठच्या कुठल्याही गावाला थोड्याफार फरकाने लागू पडेल.

पायरी १ : जुनी खूण शोधा

जागा बघायला जाल तेव्हा घरमालकाला "पाणी येतं का" असं विचारू नका, "कधीतरी येतं थोडंसं" एवढंच उत्तर मिळतं. "२००५ ला कुठवर आलं होतं आणि २०२१ ला कुठवर, हात लावून दाखवा" असं विचारा. आमच्या घराला आम्ही आलो तेव्हा नवाकोरा रंग होता, खूण काही दिसत नव्हती. शेजारच्या काकांच्या दाराच्या चौकटीवर मात्र पटाशीने मारलेली एक आडवी रेघ होती, माझ्या खांद्याच्याही वर. मला वाटलं दार बसवताना सुताराने मारली असेल. ती २६ जुलै २००५ ची रेघ होती हे मला नऊ वर्षांनी कळलं, ती रेघ पाण्याखाली जाताना. रोज सकाळी काकांकडे पेपर वाचायला जायचो पण एकदाही विचारलं नाही याचं आजही वाईट वाटतं.

पाटबंधारे खात्याने आखलेल्या पूररेषा असतात, निळी आणि लाल. निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येईल एवढ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येईल एवढ्याची. नगरपरिषदेत जाऊन आपलं घर कुठल्या रेषेच्या आत आहे ते विचारा, घर विकत घेत असाल तर बांधकाम परवानगी आणि कर्ज दोन्हीच्या दृष्टीने ते लागतंच. आणि "२५ वर्षांतून एकदा" ऐकून आता पंचवीस वर्षं निवांत असं धरू नका, ही फक्त शक्यता आहे, दर पावसाळ्यात नव्याने लागू होणारी. इथे दोन मोठ्या पुरांत सोळाच वर्षांचं अंतर होतं.

पायरी २ : पाणी कुठून येतं ते समजून घ्या, कारण सगळं पाणी एक नसतं

नवीन माणूस याच बाबतीत फसतो म्हणून जरा सविस्तर लिहितो.

वाशिष्ठी सह्याद्रीच्या कड्यावरून उतरते आणि चिपळुणात सपाटीला लागते. उतार संपला, वेग संपला, की नदी गाळ टाकते, म्हणून पात्रात बेटं तयार झाली होती. शहरातच शिव नदी येऊन मिळते. पुढे गोवळकोटपासून खाडी, ती चाळीसेक किलोमीटरवर दाभोळला समुद्राला मिळते, आणि समुद्राची भरती उलट चालत थेट आपल्यापर्यंत येते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, वर डोंगर, खाली खाडी, आपण मधल्या बशीत.

या बशीत तीन प्रकारचं पाणी येतं.

पहिलं गटाराचं. आपल्या रस्त्याच्या गटाराचं तोंड नदीत जिथे उघडतं ते भरतीला बुडतं. तोंड बुडालेलं असताना तासभर जोराचा पाऊस लागला की पाण्याला जायला जागाच नसते, उलट खाडीचं पाणी गटारातून आत ढकललं जातं. हे पाणी काळपट असतं, वास मारतं, आणि चेंबरच्या झाकणाच्या भोकांतून बुडबुडे काढत वर येतं. वेग नसतो, पाऊस थांबला आणि ओहोटी लागली की तासा-दोन तासांत आपोआप उतरतं. वर्षातून दोन-तीनदा येणारच, याला घाबरायचं कारण नाही, स्कूटर मात्र आधी हलवायची.

दुसरं नदीचं. हे लाल-गढूळ असतं, पालापाचोळा, फांद्या, थर्माकोलचे तुकडे घेऊन येतं, आणि मुख्य म्हणजे रस्त्यावरून वाहतं, नुसतं साचत नाही. पाण्यावर एखादं पान टाका, एका जागी फिरत राहिलं तर गटाराचं पाणी आहे, सरळ निघून गेलं तर नदी रस्त्यावर आलीय, आणि तिथून पुढे हातात फार वेळ नसतो.

तिसरं कोयनेचं, आणि याबद्दल नवीन लोकांचा हमखास गोंधळ होतो. टीव्हीवर "कोयनेचे दरवाजे उघडले" अशी पट्टी आली की पुण्या-मुंबईचे नातेवाईक फोन करायला लागतात. कोयना धरणाच्या दरवाजातून सुटलेलं पाणी पूर्वेला कराड-सांगलीकडे जातं, आपल्याकडे येत नाही. आपल्याकडे येतं ते वीज तयार करून झालेलं पाणी, म्हणजे अवजल. बोगद्यांतून डोंगराखाली उतरवलेलं हे पाणी पोफळी भागातल्या वीजगृहांतून कोळकेवाडीच्या जलाशयात आणि अलोऱ्याच्या वीजगृहातून पुढे वाशिष्ठीत येतं. त्यामुळे आपण कान लावायचा तो कोळकेवाडीच्या बातमीकडे. मोठ्या पावसात कोळकेवाडीतून विसर्ग वाढवणार अशी सूचना आली, आणि त्याच वेळी भरती असली, तर गाडी ताबडतोब वर न्यायची, बघत बसायचं नाही.

पायरी ३ : भरतीची वेळ स्वतः काढायला शिका

मोबाईलवर भरतीच्या वेळा मिळतात, पण ज्या दिवशी खरी गरज असते त्या दिवशी नेटवर्क जातं, २०२१ ला गेलंच होतं. म्हणून कोळीवाड्यातला जुना हिशोब पाठ करा, तिथीची पाऊणपट. कॅलेंडरवर तिथी बघायची, तिला तीनने गुणायचं, चारने भागायचं, जो आकडा येईल त्या वाजता भरती पुरी. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, द्वादशीला नऊ वाजता. वद्य पक्षातही पुन्हा एकपासूनच मोजायचं. दिवसातून दोनदा भरती येते, दुसरी साधारण साडेबारा तासांनी. थोडं इकडेतिकडे होईल, आपल्या कामाला पुरतं.

दोन गोष्टी त्यात मिळवायच्या. हा हिशोब समुद्रकाठचा आहे, खाडीतून चिपळूणपर्यंत चढायला भरतीला तासाच्या वर लागतो. नेमका किती ते आपल्या जागेवर चार-पाच वेळा जेटीवर किंवा पुलावर उभं राहून वहीत लिहा, मग बसेल. आणि मुंबईच्या भरतीची उंची बघून इथे अंदाज करू नका, इथली भरती मुंबईपेक्षा कमी उंचीची असते. वेळा-उंची बघायच्या तर दाभोळ किंवा रत्नागिरीच्या बघा.

पौर्णिमा-अमावास्येला आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी. म्हणजे पाऊणपटीच्या हिशोबाने उधाणाची भरती कायम दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या आगेमागे येणार, आपल्याकडे त्यानंतर तासा-दीड तासाने. उधाणाच्या दिवसांत रेड अलर्ट असेल तर रात्री कोणीतरी एकाने जागं राहायचं, त्याचं कारण हे आहे.

२२ जुलै २०२१ ला आषाढ शुद्ध त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पहाटे पाणी चढायला लागलं तेव्हा खाली दाभोळला ओहोटी संपून भरती लागत होती आणि पुढचे पाच-सहा तास समुद्राकडून वाट बंद होत जाणार होती. पहाटे चार वाजता आम्ही गच्चीच्या जिन्यात बसून "आता उतरेल, आता उतरेल" म्हणत होतो. हा हिशोब तेव्हा येत असता तर ते वाक्य तोंडातून निघालं नसतं आणि तो तास सामान हलवण्यात गेला असता.

पायरी ४ : रस्त्याची लेव्हल मोजा

हे काम एका रविवारी सकाळी होतं, खर्च जवळजवळ नाही, आणि माझ्या मते या सगळ्या लेखात सगळ्यात उपयोगी हेच आहे.

कुठल्याही गवंड्याकडे लेव्हल ट्यूब असते, पारदर्शक नळी, पंधरा-वीस मीटरची. ती पाण्याने भरायची, आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, राहिला तर माप चुकतं, त्यामुळे एक टोक बादलीत ठेवून दुसऱ्या टोकाने ओढून सावकाश भरायची. मग एकाने एक टोक घेऊन रस्त्याच्या सगळ्यात खोल जागी उभं राहायचं. आमच्याकडे ती जागा म्हणजे कोपऱ्यावरचं चेंबर, साध्या पावसातही पहिलं तळं तिथेच होतं. दुसऱ्याने दुसरं टोक आपल्या उंबऱ्याशी भिंतीला धरायचं. दोन्हीकडे पाणी स्थिर झालं की दोन्हीकडची पाण्याची रेघ एकाच लेव्हलला असते. तिथून खाली जमिनीपर्यंत दोन्हीकडे टेपने मोजायचं, वजाबाकी म्हणजे तुमचा उंबरा त्या खोल जागेपेक्षा किती उंच आहे तो आकडा. नळी पुरली नाही तर मध्ये एखाद्या खांबावर खूण करून दोन टप्प्यांत करा.

आमचा आकडा निघाला ४७ सेंटीमीटर. मला वाटत होतं आमचं घर चांगलं कमरेएवढं उंच आहे, दोन पायऱ्या चढून जावं लागतं ना. पण त्या पायऱ्या घरासमोरच्या रस्त्यापासून, आणि घरासमोरचा रस्ता कोपऱ्यापेक्षा जेमतेम एका पायरीएवढा वर. मुलीने धरलेलं नळीचं टोक आणि माझ्या हातातली टेप बघून बायको म्हणाली, एवढंच? हो, एवढंच.

मग त्या कोपऱ्यावरच्या विजेच्या खांबावर, चेंबरच्या लेव्हलपासून दर दहा सेंटीमीटरला ऑइलपेंटने पट्टे मारले. आता गॅलरीतून टॉर्च मारला की कळतं पाणी कितव्या पट्ट्याला आहे, आणि दर पंधरा मिनिटांनी वेळ लिहिली की चढण्याचा वेग कळतो. पंधरा मिनिटांत एक पट्टा म्हणजे चाळीस सेंटीमीटर तासाला, म्हणजे कोपऱ्यावर पाणी दिसायला लागल्यापासून आमच्या उंबऱ्याला सव्वा तासाच्या आत. वेग मध्येच वाढतो, त्यामुळे हातात निम्माच वेळ आहे असं धरून चालायचं.

जाता जाता एक. रस्ता नवीन करताना जुन्या थरावरच नवा थर टाकतात, दर वेळी रस्ता काही इंच वर आणि आपलं घर तेवढंच खाली. काम सुरू व्हायच्या आधी आळीतल्या दहा-बारा जणांच्या सह्यांचा अर्ज द्या, की जुना थर खरवडून मगच नवा टाका, आणि अर्जावर आवक क्रमांक घ्या. आम्ही एकदा नुसतं तोंडी सांगितलं आणि चार इंच गमावले.

पायरी ५ : तीन खुणा ठरवा आणि त्या भिंतीवर लिहून लावा

रात्री अडीच वाजता घरात चर्चा होत नाही, भांडण होतं. म्हणून कधी काय करायचं ते मे महिन्यात ठरवायचं. आमचं असं आहे, तुमच्या रस्त्याप्रमाणे तुम्ही बदला.

चेंबरच्या भोकांतून बुडबुडे यायला लागले की दोन्ही गाड्या वर नेऊन लावायच्या. कुठे लावायच्या ती जागा आधी ठरलेली आणि तिथल्या माणसाला विचारून ठेवलेली असली पाहिजे, कारण त्या वेळी सगळं गाव वर गाड्या घेऊन येतं.

खांबावर पहिला पट्टा बुडाला, किंवा पाण्याला लाल रंग आला, की आई, लहान मुलं आणि आजारी माणूस घरातून निघायचं. तोवर रस्ता चालण्यासारखा असतो. ऑक्सिजनवरचं किंवा अंथरुणाला खिळलेलं कोणी घरात असेल तर या खुणेची वाट न बघता रेड अलर्ट आला की आदल्या संध्याकाळीच हलवा.

पहिल्या पायरीला पाणी लागलं की मेन स्विच बंद, इन्व्हर्टर बंद, आणि उरलेले सगळे वरच्या मजल्यावर. त्यानंतर रस्त्यावर कोणी उतरायचं नाही, कशासाठीही नाही. इन्व्हर्टर लोक विसरतात, मेन बंद केला तरी इन्व्हर्टरच्या वायरीत करंट असतोच.

बाहेर पडायचं म्हणजे गाव सोडून जायचं असं मनात धरू नका. २०२१ ला मुंबई-गोवा हायवेवरच्या वाशिष्ठीच्या जुन्या पुलाचा भाग खचला, परशुराम घाटात दरड येते, कुंभार्लीतही येते. चालत दहा मिनिटांत पोचता येईल अशी जवळची उंच जागा किंवा उंचावरच्या ओळखीच्या माणसाचं घर, तीच खरी वाट. आणि ती वाट शिव नदीचा किंवा एखाद्या पऱ्याचा, म्हणजे ओढ्याचा, पूल ओलांडून जात असेल तर दुसरी शोधा.

पायरी ६ : पाण्यातला रस्ता

घोट्याच्या थोडं वर, म्हणजे पंधरा सेंटीमीटर वाहतं पाणी धट्ट्याकट्ट्या माणसाचा तोल घालवतं. तीस सेंटीमीटरला छोटी कार तरंगायला लागते, साठला मोठ्या गाड्याही वाहून जातात. म्हणून खांबावर तिसरा पट्टा बुडालेला दिसला की कोपऱ्यातून गाडी घालायची नाही, पुढची गाडी गेली तरी नाही. लाटेने शेजाऱ्यांच्या घरात पाणी जातं ते वेगळंच.

साचलेल्या पाण्यातून चालावंच लागलं तर हातात काठी, पुढे टेकवत टेकवत. पाणी तुंबलं की कोणीतरी चांगल्या हेतूने चेंबरचं झाकण उघडतं आणि मग ते उघडंच राहतं, पाण्याखाली दिसत नाही. आपल्या रस्त्यावर चेंबर कुठे कुठे आहेत ते उन्हाळ्यात मोजून ठेवा, आमच्याकडे कोपऱ्यापासून माझ्या दारापर्यंत पाच आहेत, आणि झाकण उघडलंच तर लाल फडकं बांधलेला बांबू आत उभा करायचा असं आळीत ठरवलंय. डीपी आणि विजेच्या खांबाला हात लावायचा नाही, भले तोल जात असेल. तार पडलेली दिसली तर महावितरणला कळवा आणि रस्त्याच्या दोन्ही टोकांना माणूस उभा करा.

पायरी ७ : घर

बाथरूमच्या जाळीतून आणि संडासातून पाणी दारापेक्षा आधी येतं. प्लंबरकडून बाहेरच्या लाइनला नॉन रिटर्न व्हॉल्व्ह (पाणी फक्त बाहेर जाऊ देणारा) बसवून घ्या, आणि वाळू भरलेल्या दोन मजबूत पिशव्या तयार ठेवा, एक जाळीवर, एक कमोडमध्ये.

दाराला खाचेत बसणाऱ्या फळ्या चांगल्या, पण दोन फुटांपर्यंतच. त्याच्या वर पाणी चढलं तर अडवत बसू नका, आत येऊ द्या. बाहेरून दाब आणि आत रिकामं असेल तर भिंत जाते, जांभ्याच्या जुन्या भिंतीची तर खात्रीच नाही.

स्विचबोर्ड, मीटर जेवढे वर नेता येतील तेवढे न्या. फ्रिज टेबलावर चढवून काही उपयोग होत नाही. आमचा फ्रिज टेबलावरून तरंगून निघाला, घरभर फिरला आणि पाणी उतरताना दाराच्या आतल्या बाजूला आडवा बसला. बाहेरून दार उघडेना, शेवटी खिडकीचे गज कापून आत जावं लागलं. आता फ्रिजच्या मागच्या भिंतीत दोन हूक आहेत आणि दोरी तिथेच लटकलेली असते. सिलिंडरही तसाच, भरलेला सिलिंडरसुद्धा पाण्यावर तरंगतो, आणि आपटला की काय होईल सांगता येत नाही. रेग्युलेटर काढून, कॅप लावून, वर न्या, नाहीतर खिडकीच्या गजाला साखळीने बांधा.

माळ्यावर पत्र्याच्या एका पेटीत आम्ही जूनपासूनच ठेवतो: दोन दिवसांचं पिण्याचं पाणी, फरसाण-बिस्किटं-गूळ, आईच्या बीपी-शुगरच्या गोळ्या, टॉर्च, शिट्टी, दोरी, पॉवरबँक, सॅनिटरी पॅड, प्लास्टिकच्या पिशवीत कागदपत्रं आणि थोडी रोकड, कारण एटीएमही बुडतात. शिट्टी कशाला असं लोक विचारतात. होडीवाल्यांना अंधारात आवाजावरूनच घर सापडतं, ओरडून घसा अर्ध्या तासात बसतो.

नंबर भिंतीवर पेनने लिहा, मोबाईल बंद पडला तर दुसऱ्याच्या मोबाईलवरून लावता येतात: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, पोलीस-अग्निशमन ११२, रुग्णवाहिका १०८. २०२२ च्या पावसाळ्यात एनडीआरएफची तुकडी चिपळुणात आधीच आणून ठेवली होती, नदीतला गाळही काढला गेला. या दोन्ही गोष्टी लोकांनी आंदोलन करून, पाठपुरावा करून लावून धरल्या. पण होडी तुमच्या दारी यायला वेळ लागतो, तो वेळ तुम्हाला वरच्या मजल्यावर काढता आला पाहिजे.

हवामान खात्याच्या इशाऱ्यांतल्या शब्दांबद्दल थोडक्यात: २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या वर जोरदार पाऊस, ११५.६ च्या वर अति जोरदार, २०४.५ च्या वर अत्यंत जोरदार. सरळ बाजूंचा डबा गच्चीत ठेवून पट्टीने मोजलं तरी आपल्यापुरतं कळतं. पण आपल्या डोक्यावरच्या पावसापेक्षा डोंगरातला महत्त्वाचा, म्हणून पोफळी, अलोरे, तिवरे भागात एखादी तरी ओळख करून ठेवा. "तिकडे कसं आहे" असा एक फोन दहा ॲपच्या बरोबरीचा असतो.

पायरी ८ : विमा, आत्ताच

घरासाठी भारत गृह रक्षा पॉलिसी असते, बहुतेक सगळ्या जनरल विमा कंपन्यांकडे मिळते, पूर त्यात धरलेला असतो. भाडेकरू असाल तर फक्त घरातल्या सामानाचा घ्या. छोट्या दुकानाला भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यात माल धरलाय ना ते स्वतः वाचून बघा, एजंट बँकेच्या कर्जापुरता इमारतीचा काढून मोकळे होतात असं माझ्या ओळखीच्या दोन दुकानदारांच्या बाबतीत झालंय.

गाडीचा थर्ड पार्टी विमा पुराला चालत नाही. फुल विमा असला तरी पाण्यात बुडालेली गाडी स्टार्ट करून इंजिन गेलं तर इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन नसल्यास क्लेम नाकारतात. माझा असाच नाकारला. पाणी उतरल्यावर मी घाईघाईने चावी फिरवली, एकदाच. तर लक्षात ठेवा, गाडी बुडाली की चावी लावायची नाही, बॅटरीची वायर काढायची, फोटो काढायचे आणि टोइंग करूनच गॅरेजला न्यायची. बाईकला किक मारायची नाही, आधी ऑइल, एअर फिल्टर, प्लग बघून घ्यायचे.

पायरी ९ : पाणी उतरताना

हे बाहेरच्यांना माहीत नसतं. पाणी पूर्ण उतरायची वाट बघू नका. घरात गुडघ्याखाली पाणी आलं, ओढ उरली नाही आणि वीज बंद आहे याची खात्री झाली, की त्याच पाण्यात खराट्याने गाळ ढवळायचा आणि दाराबाहेर ढकलत राहायचं, म्हणजे गाळ पाण्याबरोबर निघून जातो. एक दिवस उशीर केलात तर तोच गाळ घट्ट बसतो, मग फावडं-घमेलं आणि टँकरची वाट. आमच्या आळीत ज्यांनी उतरत्या पाण्यात ढकललं त्यांचं घर दोन दिवसांत धुऊन झालं, आमचं नऊ दिवस चाललं.

पण ढकलायला सुरुवात करायच्या आधी दोन मिनिटं थांबून प्रत्येक खोलीचा फोटो, भिंतीवरची पाण्याची रेघ दिसेल असा, सामानासकट. तलाठ्याचा पंचनामा आणि विमा दोन्हीला लागतो. भिजलेल्या वस्तू फेकायच्या आधी यादी करा, कंपनीचं नाव आणि मॉडेल नंबरासकट.

गमबूट आणि हातमोजे घालूनच आत जा. फळीखाली, कपाटामागे, गाद्यांच्या ढिगात साप असतो, काठीने आपटून मगच हात घाला. पायाला जखम असेल तर चिखलात उतरूच नका, लेप्टो (उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात-चिखलात पसरणारा ताप) त्यातूनच होतो. चिखलात काम केलेल्या सगळ्यांनी सरकारी दवाखान्यात जाऊन लेप्टोच्या प्रतिबंधक गोळीबद्दल विचारा, मनाने घेऊ नका, आणि पुढच्या पंधरा-वीस दिवसांत ताप, पोटऱ्या दुखणं, डोळे लाल होणं असं झालं तर डॉक्टरला आधी "पुराच्या पाण्यात होतो" हे सांगा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या. विहिरीचं पाणी उपसून, ब्लिचिंग पावडर टाकूनच वापरा, प्यायला उकळून किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं औषध) घालून.

वायरमनने बोर्ड उघडून, सुकवून, तपासल्याशिवाय मेन चालू करू नका. भिंती वरून कोरड्या दिसल्या तरी आतून ओल धरून असतात, प्लास्टर आणि रंग दिवाळीनंतरच करा, आधी केलात तर पोपडे धरतात. आणि रंगारी यायच्या आधी पाण्याच्या रेघेवर पटाशीने एक आडवी खाच मारून घ्या, शेजारी तारीख कोरा. आमच्या घरात आता जिन्याच्या भिंतीवर आहे, तळमजल्याच्या छताच्या वर चार बोटं, आणि जागा बघायला कोणीही आलं की मी त्याला आधी तिथे नेऊन उभा करतो.